सांगायला कावीळ

मला टीबी झाला होता, मानेतल्या गाठींचा. पण आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत, कॉलेजात आणि नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत होती ती कावीळ. हे लिहायला मला कॉलेजातल्या कदम मॅडमनी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की दर वर्षी एखादं तरी पोर गपचूप आजारी पडतं आणि वर्गातून नाहीसं होतं. त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं. मी म्हटलं, मॅडम, माझं वाचून कुणाला धीर येईल असं वाटत नाही. त्या म्हणाल्या, धीर नको, अक्कल आली तरी पुरे.

तर गोड शेवटाची आशा धरून वाचू नका. मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. बाकीचं सगळं तितकंसं बरं झालं नाही.

गाठ

एमएस्सीचं पहिलं वर्ष चालू होतं, विषय रसायनशास्त्र. कॉलेज पनवेलातच. दिवाळीनंतर मानेला उजवीकडे एक गाठ हाताला लागायला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी अंग तापायचं, तेही मी प्रॅक्टिकलच्या माथी मारलं. आमच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर धडधाकट माणसाचंही अंग मोडतं. आईनं लेप लावला, मग शेक दिला. शेजारी दुसरी गाठ आली तेव्हा मात्र डॉक्टरांनी सुई घालून तपासणी करायला लावली.

निकाल ऐकायला आई बरोबर होती. तिला दुपारीच बाहेर पडता यायचं, मुलं झोपलेली असताना. मुलं म्हणजे पाळणाघराची. आमचा हॉल म्हणजे आईचं पाळणाघर. नोकरीवाल्या आयांची मुलं सकाळी यायची आणि दिवेलागणीला जायची. बाबा उरणकडे बंदरावरच्या एका कंपनीत कारकून आहेत. त्या दिवशी रजा घेऊन ते मुलं राखत बसले होते.

डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. घाबरायचं काही नाही. हा फुप्फुसाचा नाही, गाठींचा आहे. हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. गोळी मात्र एकही दिवस चुकवायची नाही."

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते आठवतं: सेमिनारच्या स्लाइड्स. एवढं मोठं काही ऐकल्यावर माणूस असल्या फडतूस गोष्टीला का धरून बसतो कोण जाणे.

आईनं एकच विचारलं. "घरात लहान मुलं असतात. चालेल ना?"

"तुमची?"

"लोकांची."

"चालेल की. सांगितलं ना, हा पसरत नाही."

आम्ही रिक्षानं घरी आलो. सोसायटीत लिफ्टपाशी सावंत वहिनी भेटल्या. त्यांचा चिनू आमच्याकडे असायचा. शनिवार होता, त्या लवकर सुटल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय गं, काय म्हणाले डॉक्टर?"

"कावीळ," आई म्हणाली. "बाहेरचं खातात ना कॉलेजात. पाणी बाधलं."

मी आईकडे बघतच राहिले. तिनं माझा हात असा काही दाबला, की मी तोंड मिटलं. घरात आल्यावर ती म्हणाली, "पसरत नाही हे तुला कळलं, मला कळलं. त्यांना कोण समजावणार? टीबी असलेल्या घरात आपलं मूल कोण ठेवेल? तू ठेवशील?"

खरं सांगायचं तर मीही ठेवलं नसतं. पसरत नाही हे मलाही त्या दिवशीच कळलं होतं. कावीळही पसरते, पण लोक तिला पाण्याची चूक मानतात, घराची नाही. दोघीतिघी आया मुलांबरोबर घरून पाण्याच्या बाटल्या धाडायला लागल्या, एवढंच झालं.

काविळीचं पथ्य

टीबीच्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. कॉलेजच्या बाथरूममध्ये एका मुलीनं ते बघितलं आणि माझ्या काविळीवर शिक्कामोर्तब झालं. मग सगळा वर्ग माझ्या पथ्याला लागला. कुणी उसाचा रस आणला, कुणी चणे-फुटाणे. कॅन्टीनमध्ये मी दिसले की पोरं वडापाव पाठीमागे लपवायची. तिकडे डॉक्टर बजावत होते, अंडी खा, शेंगदाणे खा, वजन वाढव. मी डब्यातलं उकडलेलं अंडं बाथरूमजवळच्या जिन्यात उभी राहून खायचे. आता हसू येतं. तेव्हा कुणाची पावलं वाजली की झटकन डबा मिटायचे.

गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात जायचं. पनवेलच्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधतातच, त्यामुळे मला कुणी ओळखलं नाही. रांगेत सगळे एकमेकांकडे न बघता उभे राहायचे. मीही त्यांच्यासारखीच झाले होते, हे मला आवडलं नाही.

कॉलेजात मेंटॉर नावाची एक सोय असते. वीस-पंचवीस पोरांमागे एक प्राध्यापक. आमच्या मेंटॉर कदम मॅडम. टर्ममधून एकदा त्या आम्हाला व्हरांड्यात उभं करून विचारायच्या, "काही प्रॉब्लेम?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "नाही मॅडम." मग सह्या. दुसऱ्या मजल्यावर 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' अशी पाटीही होती. एकदा फारच जड झालं तेव्हा मी तिथपर्यंत गेले. आत कॅरमचे बोर्ड रचून ठेवले होते आणि मागच्या वर्षीच्या गॅदरिंगचा बॅनर गुंडाळलेला होता. मी परत जिना उतरले.

महिना उलटला तशी काविळीची सहानुभूती आटली. ती आटायचीच. माझी प्रॅक्टिकल्स बुडत होती आणि हजेरी कमी पडत होती. प्रॅक्टिकल्स पुरी नसतील तर परीक्षेला बसता येत नाही. कदम मॅडमनी बोलावून विचारलं, "गौरी, काविळीतून उठून माणसं एवढ्यात लग्नं करतात. तुझं चाललंय काय?"

जिभेवर आलं होतं. डोळ्यांसमोर आमचा हॉल आला, भिंतीला लागून झोपलेली मुलं आली. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे मॅडम."

"मग अशक्तपणाला किती सूट देऊ, ते तूच सांग."

त्यांचं काय चुकलं? त्या ज्या आजाराला सूट देत होत्या, तो संपला होता.

प्रणालीची आत्या

वर्गात माझी एकच जिवलग मैत्रीण होती, प्रणाली. उरणच्या कोळीवाड्यातली. घरची बोट, वडील आणि भाऊ मासेमारीला, आणि ही पहिलीच पोर एमएस्सीला. माझी जर्नल ती लिहून द्यायची. माझी कावीळ हटत नाही याचं मला नव्हतं तेवढं तिलाच टेन्शन.

"गौरे, डॉक्टरच्या गोळ्यांनी कावील जात नाय," ती म्हणाली. "माझी आत्या औषद देते. लांबून लांबून लोक येतात. रविवारी चल."

मी टाळलं, तिनं धरून नेलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "जा गं, झाडपाल्याचं तर आहे. नाही म्हणालीस तर उगाच शंका येईल."

आत्या साठीच्या, ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. पैसे घ्यायच्या नाहीत. नारळ न्यायचा, तो देवापुढे ठेवायचा, आणि औषध घेतल्यावर 'येते' म्हणायचं नाही, तसंच निघायचं. त्यांनी मला उपाशीपोटी पाटावर बसवलं. परातीत पाणी घेतलं, माझ्या तळव्यांना चुना आणि कसल्याशा सालीची पूड चोळली आणि हात त्या पाण्यात धुवायला लागल्या. पाणी पिवळं व्हायला लागलं.

"बघ, उतरते हाय," आत्या म्हणाल्या. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, चुन्यानं सालीचा रंग सुटतो हे मला कळत होतं. शिवाय त्या घरात मला एकटीलाच पक्कं ठाऊक होतं, की उतरायला माझ्या अंगात कावीळ नाहीच. तरी मी हात सोडवून घेतले नाहीत. कितीतरी दिवसांत मला कुणी असं धरलं नव्हतं. आई जपायची, पण लपवायच्या घाईत जपायची. मला रडू आलं ते आत्यांना औषधाचा गुण वाटला.

निघताना त्यांनी हिरव्या रसाची बाटली दिली, रोज सकाळी घ्यायला. संपली की प्रणाली नवी आणायची, आणि कॉलेजात माझ्यासमोर उभी राहून प्यायला लावायची. मी पीत गेले. सकाळी गोळ्या, त्यावर तो रस.

खरी कावीळ

आधी अन्नाचा वास नकोसा झाला. मग उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी आई माझी वेणी घालत होती. आरशात तिनं माझे डोळे पाहिले आणि तिचा हात थांबला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कंगवा तसाच केसांत ठेवून ती बाबांना हाक मारायला गेली.

मला ॲडमिट केलं. तपासण्या बघून आणि रसाचं ऐकून डॉक्टर भडकले. "टीबीच्या गोळ्या चालू असताना हिला काविळीचं औषध कुणी दिलं? हिला कावीळ होती कुठे?"

आई जमिनीकडे बघत होती. बाबा आईकडे. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनीही काही जणांचं लिव्हर बिघडतं, रसानंही बिघडलं असेल, दोन्हींनी मिळून असेल, आता सांगता यायचं नाही. टीबीच्या सगळ्या गोळ्या बंद. लिव्हर सावरलं की एकेक गोळी सुरू करून बघू.

हॉस्पिटलातले दिवस सगळे एकसारखे. उजाडताना रक्त काढायला यायचे, मग फरशी पुसायचे, मग पेज. गोळ्या बंद होत्या म्हणून मानेतली गाठ पुन्हा फुगायला लागली. मी दिवसभर तिला बोटांनी चाचपायचे. मला मरायची भीती वाटत होती, ती मी कुणाला सांगितली नाही, कारण बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काविळीला काय घाबरायचं!" आईबाबा खोलीबाहेर दबक्या आवाजात भांडायचे आणि आत येताना तोंडावर हसू ओढून घ्यायचे. एक आयाबाई तेवढ्या रोज दुपारी यायच्या, माझा गुंता सोडवून दोन वेण्या घालायच्या. त्यांनी काय झालंय असं कधी विचारलं नाही. त्यांच्या हाताखाली मला झोप लागायची.

परीक्षा आली तेव्हा मी खाटेवर होते. वर्गाच्या ग्रुपवर पेपर कसा गेला याची चर्चा चालू होती. मी फोन पालथा घातला.

दारात

घरी आले. एक गोळी सुरू झाली, मग दुसरी. अशाच एका संध्याकाळी, मुलांना न्यायच्या वेळी, दार वाजलं. दारात आत्या होत्या, मागे प्रणाली. आत्यांनी टोपलीत मासळी आणली होती, ती खाली ठेवली. आई बसा म्हणाली, तरी त्या बसल्या नाहीत.

"माज्या औषदानं पोरीला झाला का?" त्यांनी विचारलं. "खरा सांगा. ही हास्पिटलात गेली त्या दिवसापासून मी औषद द्याचा बंद केलाय. माज्या आजीपासून चाललेला हाय, कुणाला कधी काय झाला नाय."

हॉलमध्ये सावंत वहिनी वाकून चिनूच्या बुटाची लेस बांधत होत्या. त्यांचे हात थांबले. आई एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकदा आत्यांकडे. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. 'हो' म्हटलं की सगळं मिटत होतं. काविळीचं औषध उलटलं, लिव्हर बिघडलं, कुणालाही पटेल अशी गोष्ट. एक म्हातारी बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिली असती, आणि आमचा हॉल भरलेला राहिला असता.

आई 'हो' म्हणाली नाही. 'नाही'ही म्हणाली नाही.

"आत्या, मला कावीळ नव्हती," मी म्हटलं. "टीबी आहे. गाठींचा. आम्ही सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हाला कावीळ सांगितली, तुम्ही काविळीचं औषध दिलंत."

"गौरी, आत जा," आई म्हणाली.

सावंत वहिनींनी दुसऱ्या बुटाची लेस बांधलीच नाही. चिनूला उचललं आणि गेल्या. मी मागून सांगत होते, वहिनी, हा पसरत नाही, डॉक्टरांना विचारा. लिफ्टचं दार लागलं.

आत्या हळूच खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "मंग माजा हात चुकला नाय," असं काहीतरी स्वतःशीच म्हणाल्या. प्रणाली उभीच होती.

"आमच्या घरात आजोबा टीबीनं गेलेत, गौरे," ती म्हणाली. "मला टीबी म्हायती हाय. तू सांगितला असतास तर मी काय पळून गेले असते?"

आत्यांना हाताला धरून ती निघाली. मासळीची टोपली तशीच राहिली. आईनं त्या रात्री ती शिजवली, पण आमच्यातलं कुणीच नीट जेवलं नाही.

त्यानंतर

चिनू दुसऱ्या दिवशी आला नाही. बाकीची मुलं एकदम गेली नाहीत. कुणाची आजी गावाहून आली, कुणी बेलापूरला घर बघितलं, कुणाला ऑफिसजवळच सोय मिळाली. सगळे गोड बोलून गेले. कुणी टीबी हा शब्द उच्चारला नाही. आई माझं ताट वाढायची, गोळ्या हातावर ठेवायची, पण बोलायची नाही. बाबा मधल्या मधे उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

इतकं गमावलं होतं, की आणखी लपवायला काही उरलं नव्हतं. मी कॉलेजात गेले आणि कदम मॅडमच्या केबिनमध्ये शिरून उभ्याउभ्याच सांगितलं. कावीळ नव्हती, टीबी होता, मग कावीळ झाली.

"दार लाव. बस," म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांग, आणि या वेळी सगळं खरं सांग."

आधी का नाही सांगितलंस, हे त्यांनी विचारलं नाही. याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. विभागप्रमुखांना जेवढं सांगायला हवं तेवढंच त्यांनी सांगितलं. संपूर्ण वर्ष जायचं होतं, ते एका सेमिस्टरवर आणलं. बुडलेली प्रॅक्टिकल्स त्या स्वतः थांबून करून घ्यायच्या, खिडकीजवळचं टेबल आणि बसायला स्टूल, वासाची रसायनं मला नाहीत. मी थकले की म्हणायच्या, "टायट्रेशन कुठे पळून जात नाही, पाच मिनिटं डोकं टेक." समुपदेशन कक्षातले कॅरमबोर्ड त्यांनी शिपायाकडून हलवून घेतले आणि बाहेरच्या एका समुपदेशक बाईंना बोलावलं. मी तिथे गेले. आजाराबद्दल फारसं बोलले नाही, आईबद्दलच रडले.

पण मॅडम सेमिस्टर परत मिळवून देऊ शकत होत्या, वर्ग नाही. माझी बॅच पुढे गेली. प्रणालीही गेली. परीक्षेआधी तिच्याकडून नोट्सचे फोटो यायचे, एकामागून एक, नीट क्रमानं. खाली एक शब्द नसायचा. मी 'थँक्स' लिहायचे, त्यावर निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. आता ती तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. भेटलो तर हसतो. पूर्वी ती माझ्या डब्यातला घास न विचारता उचलायची. आता विचारते.

मी परीक्षेला बसले, माझ्याहून लहान मुलांच्या वर्गात. पास झाले. गोळ्या संपल्या त्या दिवशी घरात कुणी पेढे आणले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "झालं, सुटलीस," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुमच्यापैकी कुणी आत्ता असंच काहीतरी दडवून वर्गात बसलं असेल, तर एवढंच सांगेन: एका तरी माणसाला आजाराचं खरं नाव सांगा. सगळ्या गावाला नको. खोट्या आजाराला मिळालेली मदत खऱ्या आजाराला लागत नाही, मला तर ती बाधली. खरं सांगितल्यावर सगळं सुरळीत होतं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या हॉलमध्ये आता दुपारी टीव्ही चालू असतो, आणि आई तो बघत नसते.

गेल्या आठवड्यात सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं. बाई नोकरी करणारी, कडेवर वर्षाची मुलगी. लिफ्टपाशी तिनं आईला विचारलं, "काकू, तुम्ही पाळणाघर चालवता ना?" मी शेजारीच होते. आता आई काय सांगणार याची मी वाट बघत राहिले.

"चालवायचे," आई म्हणाली. "हिला टीबी झाला होता, म्हणून मुलं गेली. गाठींचा, पसरणारा नव्हता. आता बरी आहे. मूल ठेवायचं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या."

बाई थोडी मागे सरकली. मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "सांगते हं काकू," म्हणाली.

अजून काही सांगितलेलं नाही. आईनं हॉल झाडून घेतलाय, खिडकीखालची कोपऱ्यातली जागा मोकळी केलीय. सकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की ती हातातलं काम ठेवते आणि दाराकडे बघते.